पाचव्या ओळीची चौकशी

दिनांक १४ जुलै १९९७, सोमवार. रक्कम रुपये अठरा, रोख. हजर : मी, आमच्या कॅशियर बाई, आणि पैसे भरणारे आमचे ग्रंथपाल. तपशिलाच्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'संस्थेच्या ई-मेल खात्याचा खाजगी वापर, एक पत्र.'

कॅशियर बाईंनी विचारलं, एका पत्राचे अठरा कसे? ते म्हणाले, पत्र लांबलं. आमच्या खात्याला पाठवलेल्या मजकुराच्या आकाराप्रमाणे पैसे पडत. त्यांनी आकडेमोड एका कागदावर करून आणली होती. ती मी तपासली, बरोबर होती. पुरावा म्हणून त्या पत्राची छापील प्रतही त्यांनी सोबत जोडली. पावती हातात पडली तरी ते हलेनात.

"अण्णा, हे पाठवण्याचे झाले. उतरवून घेण्याचे राहिले."

"कोणी उतरवून घेतलं?"

"चारशे लोकांनी. थोडे कमीच असतील. मी चारशे धरतो."

मी त्यांना सांगितलं की दुसऱ्या चारशे संस्थांचा खर्च आपल्या रोखवहीत जमा करून घ्यायची काही सोय नाही. त्यांनी चष्मा पुसला.

"सरी, बरं," ते म्हणाले. "म्हणजे ते देणं राहिलं."

मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होतो, तरी ते मला अण्णा म्हणत. ते सगळ्यांनाच अण्णा म्हणत, शिपायालाही आणि संचालकांनाही. बाकीचे त्यांना 'लायब्ररी सर' म्हणत, मी नुसतं 'सर'. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात येऊन राहिलेलं. मी साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला. पहिल्या भेटीत मला वाटलं हे कानडी बोलतायत, आणि त्यांना वाटलं मी रेडिओवरच्या बातम्या वाचतोय. "तुमची मराठी बातम्यांची आहे अण्णा," असं त्यांनी मला तेव्हाच सांगून टाकलं, "आमची घरातली आहे. बाहेर काढली की लाजते."

आमची संस्था बंगळुराच्या कडेला, पीण्या नावाच्या औद्योगिक क्षेत्रात होती. आजूबाजूचे छोटे कारखानदार तुटलेली स्प्रिंग, तडा गेलेला दांडा घेऊन येत आणि आमची माणसं तो का तुटला ते शोधून देत. चाचणीच्या शेडवर एक लांबट खोली होती, तिथे ग्रंथालय. खाली दाबयंत्र सुरू झालं की वर पुस्तकांच्या काचा थरथरत. सर त्या थरथरीला इतके सरावले होते की ती थांबली की मान वर करून बघत.

ग्रंथालयात त्यांनी चार छत्र्या ठेवल्या होत्या. पावसात अडकलेल्या कुणालाही छत्री मिळे, पण पुस्तकासारखीच, कार्डावर सही करून आणि परतीची तारीख टाकून. मुदत उलटली की स्मरणपत्र येई. एकदा संचालकांनाही गेलं होतं. संचालकांनी छत्री परत पाठवली आणि सोबत दंड म्हणून पन्नास पैसे पाठवले. सरांनी त्यांची पावती पाठवली.

'नाही' हा शब्द ते वापरत नसत. एखादं पुस्तक किंवा लेख मागितला आणि नसला तर म्हणत, "अजून नाही." मी लेखा विभागातला माणूस, मला या 'अजून'चा त्रास होई. संदर्भाच्या मागण्यांचा वार्षिक तक्ता मागितला तर त्यात 'पूर्ण' आणि 'अजून नाही' असे दोनच रकाने. मी तिसरा रकाना सुचवला, 'अशक्य'. त्यांनी तक्ता परत घेतला, विचार केला, आणि तसाच परत आणून दिला.

ई-मेल संस्थेत आला तो त्यांच्यामुळे. नव्वदीच्या मध्यावर ग्रंथपालांची एक लिस्ट सुरू झाली होती. आता ज्याच्या त्याच्या खिशात असले दहा गट असतात, म्हणून सांगायला हवं की तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट होती. एका पत्त्यावर लिहायचं, आणि ते देशभरातल्या चारशे ग्रंथपालांकडे एकदम पोहोचायचं. 'अमक्या मासिकाचा अमका अंक कुणाकडे आहे का?' असं सकाळी विचारलं तर दुसऱ्या दिवशी कोलकात्याहून किंवा हैदराबादेहून उत्तर येई, आणि आठवड्याभरात टपालाने झेरॉक्स. आपल्याकडे असलेलं तसंच दुसऱ्याला पाठवायचं. बाहेरच्यांसाठी काढलेल्या झेरॉक्सच्या बिलावर मी एकदा आक्षेप घेतला होता. ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आधी भरणा, मग काढायचं. तुमच्या बँकेसारखंच आहे, फक्त पासबुक नाही." आक्षेप मी मागे घेतला, कारण त्याच महिन्यात एका स्प्रिंगवाल्याचा अडलेला अहवाल जमशेदपूरहून आलेल्या लेखामुळे सुटला होता आणि त्याची फी माझ्याकडे जमा झाली होती.

मॉडेम फोनच्या लाइनला जोडलेला असे. लाइन लागताना तो किंचाळे, खरखरे, मग एक बारीक शीळ घाली. तेवढा वेळ सर खुर्चीतून उठून उभे राहत. मी एकदा विचारलं, असं का? ते म्हणाले, "तिकडे कुणी तरी आपल्यासाठी दार उघडतंय. बसून कसं राहायचं?" लाइन लागली की बसत, आधी टाइप करून ठेवलेली पत्रं पाठवत, आलेली उतरवून घेत, आणि लगेच लाइन तोडत. उघड्या लाइनवर त्यांनी कधी विचार केला नाही. विचार कागदावर पेन्सिलने करून ठेवलेला असे.

लिस्टवरच्या प्रत्येक माणसाचं त्यांनी एक कार्ड केलं होतं. पुस्तकांच्या कार्डांसारखंच, तसल्याच लाकडी खणात. नाव, गाव, पत्ता, कोणती मासिकं आहेत. शिवाय खाली पेन्सिलने : 'दुपारी वीज नसते.' 'चटकन चिडतात, पण उत्तर देतात.' 'दोनदा मागावं लागतं.' या माणसांपैकी फार तर पाचसहा जणांना ते प्रत्यक्ष भेटले होते. पण कुणाला पत्र लिहायचं झालं की खण ओढून आधी त्याचं कार्ड काढायचं, टेबलावर समोर उभं करायचं, आणि त्यावर बघून पत्ता एकेक अक्षर टाइप करायचा. आलेल्या पत्राला जागच्या जागी उत्तर देण्याची कळ होती, ती ते वापरत नसत. त्या कळीने उत्तर एका माणसाला जात नसे, पूर्ण लिस्टला जाई. नवे लोक हमखास फसत, आणि कुणाची तरी रजेची विनवणी किंवा साहेबाची निंदा चारशे ठिकाणी पोहोचे.

अशांना सर झाडत. ते लिस्टचे कोणी पदाधिकारी नव्हते, पण त्यांचे नियम सगळ्यांना पाठ होते. प्रश्न एका ओळीत विचारा. आधी कुठे शोधलं ते लिहा. उत्तर विचारणाऱ्याच्या पत्त्यावर पाठवा, लिस्टवर नको. विचारणाऱ्याने महिन्याभरात आलेल्या उत्तरांचा सारांश खर्चाच्या कलमासकट लिस्टवर टाकलाच पाहिजे, कारण सारांश म्हणजे फेड. आणि लिस्टवर खाजगी काही नको, आभारसुद्धा नकोत, कारण तुमचे आभार उतरवून घ्यायला चारशे जणांना पैसे पडतात. देवनहळ्ळीच्या एका कॉलेजातल्या ग्रंथपाल बाईंनी एकदा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. कॉलेजात ई-मेल नव्हता, त्या दर शनिवारी बसने बंगळूरला येऊन एका मैत्रिणीच्या संस्थेत आपली पत्रं बघत. सरांनी त्यांना कळवलं की आपल्या शुभेच्छांचा एकूण खर्च इतके रुपये झाला, पुढल्या वर्षी तेवढ्यात एक शब्दकोश येईल. ते पत्र मी वाचलं होतं. मला ते जरा जास्त वाटलं, तसं मी बोललोही. त्यांचं म्हणणं, रागावलो नाही, हिशेब दिला.

तर त्या अठरा रुपयांच्या पत्राकडे येतो.

त्या वर्षी जानेवारीत त्यांच्या पत्नीला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कार्यालयात हे फक्त मला ठाऊक होतं, कारण औषधांची बिलं माझ्याकडे येत. ते बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. जूनमध्ये आणखी एक बिल आलं, वाचेचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचं. बाकीचं मला त्या जोडलेल्या प्रतीवरून कळलं.

पत्र तंजावरच्या एका ग्रंथपालाला होतं. तेही तिकडचे जुने मराठी. दोघांची वर्षभर ओळख, भेट कधीच नाही. संगणकावर मराठी अक्षरं नव्हती तेव्हा, म्हणून इंग्रजी लिपीत मराठी. सरांनी लिहिलं होतं की पत्नीला शब्द एकही येत नाही, त्यांचं नावसुद्धा नाही, पण सागरगोट्यांच्या खेळातलं लहानपणचं गाणं तेवढं येतं. तेही चार ओळी :

एक्की माझी एकली,
दुक्की दारी टेकली,
तिक्की ताटी झाकली,
चौक्की चुलीशी वाकली.

पुढे त्यांच्याच शब्दांत : पाचवीला थांबते. डावा हात पुढे करते आणि माझ्याकडे बघत राहते. मी पाणी दिलं, चष्मा दिला, केळं दिलं. ती रडते. वाचेच्या बाई म्हणतात, ती आपण होऊन जिथवर येते तिथून पुढे न्या, दुसरी वाट मला दिसत नाही. पाचवी ओळ मला ठाऊक नाही. तिचं माहेर देवनहळ्ळीचं, पण ते घर विकलं गेलं, माणसं उरली नाहीत. तुमच्याकडे हे गाणं म्हणतात का? आणि शेवटी : 'तीस वर्षं लोकांना मागतील ते शोधून दिलं. घरात एक ओळ मागतात, ती देता येत नाही.'

तंजावरच्या त्या गृहस्थांनी आदल्या दिवशी लिस्टवर ताडपत्रांबद्दल काही विचारलं होतं. सर त्या शनिवारी रात्रभराच्या जागरणानंतर आले होते. त्यांनी खण ओढला नाही, कार्ड काढलं नाही. समोर मित्राचं पत्र दिसत होतं, त्यालाच उत्तर देण्याची कळ दाबली. सोमवारी सकाळी टपाल उतरवलं तेव्हा त्यांचं स्वतःचं पत्र लिस्टकडून त्यांनाच परत आलेलं होतं.

पैसे भरून ते वर गेले आणि त्यांनी लिस्टमधून आपलं नाव काढून घेतलं. नियम मोडणाऱ्याला ते तसंच करायला सांगत. त्यानंतर खोलीतून मॉडेमची शीळ ऐकू येईना. ते येत, पुस्तकं देत, छत्र्या देत, आणि पाच वाजता चिकपेटेमागच्या आपल्या घरी जात. माणसांच्या कार्डांचा खण त्यांनी कपाटाच्या वर ठेवून दिला. मी एकदोनदा जिना चढून गेलो. बोलायला काही नव्हतं, छत्री घेऊन खाली आलो. पाऊस नव्हता, आणि ते त्यांनी दाखवूनही दिलं.

दोन आठवड्यांनी ई-मेलची सोय देणाऱ्यांकडून मला पत्र आलं. तुमच्या संस्थेची टपालपेटी भरली आहे, तीन दिवसांत रिकामी न केल्यास खातं बंद होईल. मी ते घेऊन वर गेलो.

"रिकामी करा, सर."

"ते सांत्वन असणार अण्णा. सांत्वन ठेवायला माझ्याकडे जागा नाही."

"न वाचता पुसून टाका. पण उतरवावं तर लागेल."

त्यांनी मॉडेम लावला आणि उभे राहिले. मीही उभा राहिलो, शेजारी, काय करावं ते न कळून. चाळीस पत्रं होती. पहिलं उघडलं ते शिलाँगचं. त्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडे वळवलं. इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतो :

'विषय : सागरगोट्यांच्या गाण्याची पाचवी ओळ. कुठे शोधलं : आमच्याकडे मराठी पुस्तकं नाहीत. आपलं पत्र शेजारच्या लष्करी वसाहतीतल्या एका मराठी बाईंकडून समजून घेतलं. त्यांच्या गावी म्हणतात : पाच्ची पाण्यात टाकली. गाव कराडजवळ. झेरॉक्स लागू नाही. खर्च नाही.'

खाली नुसती सही. दुसरं धारवाडचं, तिसरं भोपाळचं. कुणी लोकगीतांच्या पुस्तकाची पानं टपालाने पाठवत होतं, कुणी आपल्या मावशीला विचारून लिहीत होतं. प्रत्येकाने विषय एका ओळीत लिहिला होता, कुठे शोधलं ते लिहिलं होतं, आणि लिस्टवर नव्हे तर विचारणाऱ्याच्या पत्त्यावर पाठवलं होतं. चाळीस पत्रांत कुणीही त्यांच्या पत्नीच्या प्रकृतीबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. त्यांनी चुकून पाठवलेल्या पत्राला लोकांनी ग्रंथालयातली नेहमीची चौकशी मानलं होतं, रीतसर, त्यांच्याच नियमांप्रमाणे.

सर खुर्चीत बसले. लाइन उघडी होती, ती तोडायचंही त्यांना सुचलं नाही. मीच तोडली.

मग ते म्हणाले, "आता महिन्याच्या आत सारांश द्यावा लागणार."

मग रोज संध्याकाळचा क्रम सुरू झाला. एका रविवारी मी पत्नीसह त्यांच्या घरी गेलो तेव्हा पाहिला. आक्का, म्हणजे सरांच्या पत्नी, भिंतीला उशा लावून बसवलेल्या, केस नीट विंचरलेले, कपाळावर कुंकू. सर समोर पाटावर, मांडीवर कागद. आक्का आपण होऊन सुरू करत. आवाज लहान मुलीसारखा, शब्द अगदी स्वच्छ. चौक्की चुलीशी वाकली, आणि डावा हात पुढे. सर वाचत, "पाच्ची पानात राखली." आक्का हात तसाच धरून त्यांच्याकडे बघत. "पाच्ची परसात हाकली." नाही. "पाच्ची पदरी झाकली." हात खाली पडे, डोळे भरत. सर कागदावर 'जुळत नाही' लिहीत आणि त्यांचे डोळे पुसत. माझी पत्नी उठून आत गेली. निघताना मी म्हटलं, आता थोडीच राहिली असतील. ते म्हणाले, सहा. त्या सहानंतर त्यांच्याकडे काय उरणार होतं ते आम्हा दोघांनाही दिसत होतं, आणि त्या दिवशी मला त्यांच्या तोंडून 'अजून नाही' ऐकू आलं नाही.

ती सहाही जुळली नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं पत्र आलं, टपालाने, देवनहळ्ळीहून. शुभेच्छांचा हिशेब ज्यांना मिळाला होता त्याच बाई. त्यांना मराठी येत नव्हती. पण पत्र इंग्रजी अक्षरांत असल्याने त्यांना ते मोठ्याने वाचता मात्र येत होतं. देवनहळ्ळीचं नाव दिसलं म्हणून त्यांनी ते छापून घेतलं, किल्ल्याजवळच्या जुन्या मराठी घरांत गेल्या, आणि दारोदार उभं राहून आपल्याला न कळणारं पत्र वाचून दाखवलं. तिसऱ्या घरात एका म्हाताऱ्या अज्जींनी त्यांना चौथ्या ओळीवर थांबवलं आणि पुढचं म्हणायला सुरुवात केली. बाईंनी लिहिलं होतं :

'साधन : तोंडी. वय ऐंशीच्या पुढे. आपल्या पत्नीला लहानपणी ओळखत असल्याचं सांगतात. पाचवी ओळ लिहून द्यायला त्या तयार नाहीत, लिहिता येत नाही असं म्हणतात. झेरॉक्स निघत नसल्याने मूळ प्रत उसनी पाठवत आहे. शुक्रवारी सोबत घेऊन येईन. अटी : बसमध्ये खिडकीची जागा, आणि अंधार पडायच्या आत परत.'

सर हसले. गेल्या सात महिन्यांत मी पाहिलेलं पहिलं हसू. मग म्हणाले, "अण्णा, उसनवारीच्या पावतीवर दोन सह्या लागतात. तुम्ही येता?"

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अज्जी चिपाडासारख्या बारीक, हिरवं लुगडं, कमरेला चंची. दारातून आत येताच त्यांनी सरांना विचारलं, तूच का तो कागदवाला? मग आक्कांसमोर सरांच्या पाटावर बसल्या आणि कमरेची चंची सोडून पाच सागरगोटे जमिनीवर टाकले. त्या आवाजासरशी आक्कांनी मान खाली वळवली.

सर कागद-पेन्सिल घेऊन पुढे सरकले आणि पाचव्या ओळीचे शब्द स्वल्प सावकाश सांगाल का, असं विचारू लागले.

"तू सुम्मने, गप बस," अज्जी म्हणाल्या. "केव्हाचा वाचतोय म्हणे हिच्यापुढं. खेळला किती?"

सर मागे सरकले. अज्जींनी एक गोटा उडवला आणि झेलला. आक्का म्हणाल्या, एक्की माझी एकली. दुसरा. दुक्की दारी टेकली. तिसरा. चौथा. चौक्की चुलीशी वाकली, आणि आक्कांचा डावा हात पुढे आला, नेहमीसारखा, तळवा वर करून. सरांनी पेन्सिल सरसावली.

अज्जी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी हात उचलला आणि आक्कांच्या तळव्यावर सणसणीत टाळी मारली.

"सक्की सासरी हाकली," आक्का म्हणाल्या.

अगदी स्वच्छ. सहावी झाली, पुढे सत्ती, अठ्ठी, नव्वी, दहापर्यंत एका दमात, अज्जींच्या आवाजात आवाज मिळवून. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. देवनहळ्ळीच्या बाई माझ्याकडे बघून खुणेने विचारत होत्या, काय झालं? मी कानडीत सांगायचा प्रयत्न केला, पण माझी कानडी तेव्हा भाजीपुरतीच होती.

"पाचव्याला काही म्हणायचं नसतंच," अज्जी सरांना म्हणाल्या. "पाचव्याला टाळी. आमच्या किल्ल्याकडच्या पोरी सगळ्या अश्शाच खेळायच्या. ही हात धरून बसली होती की रे, तुला दिसला नाही?"

सर म्हणाले, "दिसला. मी त्यात केळं ठेवलं."

अज्जी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. आक्काही हसल्या, तोंडाच्या एका बाजूने. मग अज्जींनी खरा डाव मांडला. त्यांनी पाचही झेलले. आक्कांनी डाव्या हाताने एक उडवला, तो घरंगळत कपाटाखाली गेला. मला वाटलं आता सोडून देतील.

"हरलीस," अज्जी म्हणाल्या. "काढ चिंचोके."

घरात चिंचोके कुठले? सर स्वयंपाकघरात गेले, चिंचेच्या बरणीत हात घातला, चिंच सोलून चिंचोके काढले, धुतले, आणि आक्कांच्या पुढ्यात ठेवले.

तिघींना मी देवनहळ्ळीच्या बसपर्यंत पोहोचवलं असं लिहिणार होतो, पण त्या दोघीच होत्या, तिसरी सरांची छत्री होती. ती त्यांनी अज्जींना दिली, कार्डावर अंगठा घेऊन. ती परत आल्याची नोंद मी पाहिलेली नाही, स्मरणपत्र गेल्याचीही नाही.

आक्का पुढे फारसं बोलू लागल्या नाहीत. हवं-नको आलं, 'पुरे' आलं, सरांचं नाव दोन वर्षांनी आलं. पण संध्याकाळी त्या सुरू करत आणि सर पाचव्याला टाळी देत, आणि गाणं दहापर्यंत जाई. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात एका कारखानदाराने त्यांच्या ज्ञानाबद्दल खूप सांगितलं. सरांनी उत्तरादाखल छत्र्यांची थकबाकी वाचून दाखवली.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी मात्र ते सकाळीच माझ्याकडे आले. माणसांचा खण कपाटावरून खाली आला होता, लिस्टमध्ये नाव परत गेलं होतं. सारांशाचा मसुदा त्यांच्या हातात होता. त्यांना विचारायचं होतं की हा पाठवण्याचा खर्च खाजगी धरायचा की कामाचा. मी म्हटलं, चौकशी झाली, उत्तरं आली, काम आहे. उलट ते अठरा रुपयेही परत न्या.

"नको," ते म्हणाले. "पत्र खाजगीच होतं. उत्तरं कामाची होती."

मसुद्यात सगळी उत्तरं गावाच्या नावासकट दिली होती. मग निष्कर्ष : पाचव्या ओळीला शब्द नाहीत, टाळी आहे, वाचकाने पडताळून पाहिली. त्याखाली एकच शब्द होता, जो त्यांनी इतकी वर्षं कुणाला त्या लिस्टवर टाकू दिला नव्हता : 'आभार.' मी तो वाचला आणि पुढच्या ओळीवर गेलो. सर्वांत शेवटी नियमाप्रमाणे खर्चाचं कलम होतं. तेवढं मी साक्षीदार म्हणून तपासावं असं त्यांचं म्हणणं होतं. मी तपासलं, बरोबर होतं :

बसभाडं, दोघींचं, येऊन-जाऊन : दिलं ग्रंथपालांनी, देवनहळ्ळीच्या बाईंना.

चिंचोके पाच : दिले आक्कांनी, स्वतःच्या हाताने, एकेक मोजून, अज्जींना.